करंट कुठवर आलाय?

बटण दाबलं. कॉम्प्युटरच्या आत टक् असा बारीक आवाज झाला, पंख्यानं पाव गिरकी घेतली आणि सगळं थांबलं. पुन्हा दाबलं. पुन्हा टक्, पुन्हा पाव गिरकी, पुन्हा शांत. पुढचा हिरवा दिवा लागल्यासारखा झाला आणि विझला.

जुलैचा शेवटचा आठवडा होता, २०२३ चा. त्या वर्षीच्या खरिपाला पहिल्यांदाच एक रुपयात पीक विमा निघाला होता आणि ३१ तारीख डोक्यावर आली होती. अंबाजोगाईतल्या माझ्या दुकानाच्या, म्हणजे ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्राच्या, पायरीपासून रस्त्यापर्यंत माणसं उभी होती. प्रत्येकाच्या हातात पिशवी, पिशवीत सातबारा, आधार, बँकेचं पासबुक, पीकपेऱ्याचा कागद. काहीजण केज तालुक्याच्या टोकावरून पहिल्या एसटीनं आले होते. रांगेतल्या एका म्हाताऱ्या मामांनी मान पुढं काढून आत बघितलं आणि म्हणाले, "गेला वाटतं, ताई."

त्यांनी अगदी मायेनं म्हटलं होतं. पण तो शब्द दिवसभर माझ्या डोक्यात राहिला. आपण 'लाईट गेली' म्हणतो तेव्हा ती परत येणार हे म्हणतानाच ठाऊक असतं. लेकरूसुद्धा 'लाईट गेली' म्हणून खेळत राहतं. पण 'मोटार गेली', 'बोअर गेला', 'मदरबोर्ड गेला' म्हटलं की विषय संपला, आता फक्त पैशांचं बघायचं. क्रियापद एकच, आणि दोन्हींत केवढं अंतर. आणि हे 'गेला' आपण फार लवकर म्हणतो. वस्तू बंद दिसली की म्हणतो. ती बंद का आहे हे विचारायच्या आधी म्हणतो.

मी वहीत सगळ्यांची नावं लिहून घेतली. लांबून आलेल्यांना ओळखीच्या दुसऱ्या केंद्रावर पाठवलं, जवळच्यांना उद्या या म्हणून सांगितलं. मग एका मेकॅनिकला बोलावलं. चांगला मुलगा आहे, कामाचा आहे, त्या आठवड्यात तोही दिवसभर पळत होता. त्यानं बटण दाबून बघितलं, दुसरी केबल लावून बघितली, रॅम काढून खोडरबरानं घासून परत बसवली. पाव गिरकी तशीच. "ताई, बोर्ड गेला. ह्या प्रोसेसरचा बोर्ड आता मिळत नाही. नवीन सेटच घ्या." मी म्हटलं, नेमकं काय झालंय ते शोधता येईल का? तो म्हणाला, "शोधायला दोन दिवस, बदलायला दोन तास." त्याचं गणित चूक नव्हतं. त्याला दिवसाला आठ-दहा दुकानं करायची असतात आणि शोधण्याचे पैसे कुणी देत नाही. गिऱ्हाईक पैसे देतं ते नव्या वस्तूचे.

नवीन सेट घ्यायला मी का अडून बसले, तेही सांगते. सेवा केंद्राच्या आधीपासून माझं डीटीपीचं काम आहे. त्या हार्ड डिस्कवर पंधरा वर्षांचं टायपिंग होतं. लग्नपत्रिका आणि गोडजेवणाच्या पत्रिका तर होत्याच. शिवाय इथल्या कॉलेजातल्या पोरांचे प्रबंध, गावोगावच्या कवींचे पैसे साठवून काढलेले संग्रह, एका निवृत्त बाईंनी दळणाच्या ओव्या गोळा केल्या होत्या त्याच्या तीनशेहून जास्त पानांच्या फायली. युनिकोड सर्रास व्हायच्या आधीच्या त्या फायली. जुना फाँट, जुनं सॉफ्टवेअर, आणि त्या सॉफ्टवेअरचं कुलूप त्याच कॉम्प्युटरला बसवलेलं. दुसरीकडं उघडल्या की अक्षरांच्या जागी नुसते आकडे-कंस दिसतात. शेवटची नक्कल दिवाळीत काढली होती, म्हणजे आठ-नऊ महिने झाले होते. याच गावात संतकवी दासोपंतांनी पासोडीवर, म्हणजे चक्क कापडावर, लिहिलेला पंचीकरण हा ग्रंथ जपून ठेवलेला आहे. चारशे वर्षांपूर्वीचं ते लिखाण आजही डोळ्यांनी वाचता येतं. माझ्याकडचं पंधरा वर्षांचं लिखाण एका बटणामागं अडकलं होतं.

दुपारी शटर अर्धं ओढून मी अण्णांना फोन लावला. अण्णा म्हणजे माझे वडील. गावाकडं शेतात असतात. कॉम्प्युटरला त्यांनी आयुष्यात हात लावलेला नाही. तरी मी त्यांनाच फोन लावला, कारण बंद पडलेल्या वस्तूपुढं कसं उभं राहायचं हे मी त्यांच्याकडूनच शिकले आहे.

मी शाळेत असतानाची गोष्ट. आमच्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटार होती. त्याच सुमारास शेजारच्या शेतात चुलत्यांचा नवा बोअर झाला होता. एके दिवशी त्यांची पानबुडी मोटार उचलेना. चुलत्यांनी माणसं बोलावली, लाकडाची घोडी उभी केली, चेनपुली लावली आणि दीडशे फुटांवरची मोटार पाइपासकट वर काढली. सगळा दिवस गेला. ती मोटार बैलगाडीतून रस्त्यापर्यंत, तिथून टेम्पोनं अंबाजोगाईला भरायला नेली. तिथल्या माणसानं लावून बघितली आणि सांगितलं, मोटारीला काही झालेलं नाही. डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतल्या, एका फेजची फ्यूजतार वितळली होती. तीन फेजपैकी दोनच येत होते, आणि दोन फेजवर तीन फेजची मोटार फिरत नाही. ती नुसती घुमते, तापते, आणि तशीच चालू ठेवली तर मात्र खरोखर जळते.

हे झालं आणि पंधरा दिवसांत आमची मोटार घुमायला लागली. आई म्हणाली, काढा वर आणि न्या. अण्णा म्हणाले, "मोटार शेवटी बघायची. आधी करंट कुठवर आलाय ते बघू."

त्यांच्याकडं टेस्ट लॅम्प होता. होल्डरमध्ये एक बल्ब, होल्डरला दोन लांब वायरी, वायरींच्या टोकांना सोललेलं तांबं. पायात रबरी चप्पल, खाली कोरडी फळी. मी बॅटरी धरून उभी. आधी डीपीवरून शेतात येणाऱ्या केबलच्या टोकाशी: तिन्ही फेजवर बल्ब लागला. "हितवर आलाय." मेन स्विचच्या पलीकडं: तिन्हीवर लागला. "हितवर आलाय." स्टार्टरच्या वरच्या बाजूला: तिन्ही. मग त्यांनी मला हिरवं बटण दाबायला लावलं आणि स्टार्टरच्या खालच्या बाजूला बल्ब लावला. पहिला फेज, लागला. दुसरा, लागला. तिसऱ्याला बल्ब नुसता मिणमिणला. अण्णांनी वायर काढली आणि स्टार्टरच्या पेटीवर तळहात ठेवला. "वर पुरा हाय, खाली न्हाई. मंग अडलंय कुठं? ह्या वितभरात."

मेन स्विच पाडून त्यांनी झाकण उघडलं. तिसऱ्या फेजच्या पट्ट्यांमध्ये एक पाल चेपून वाळली होती. उबेला आत शिरली असेल, पट्ट्या मिटल्या तेव्हा सापडली असेल. तिच्या अंगाच्या जाडीएवढी फट राहिली होती, आणि तेवढ्या फटीमुळं विहिरीतलं पाणी वर येत नव्हतं. अण्णांनी काडीनं ती पाल अलगद काढून बांधावर ठेवली, पट्ट्या काचकागदानं घासल्या. बटण दाबलं. पाच मिनिटांत दांडात पाणी होतं.

अण्णा सातवी शिकले आहेत. ते लाईनमन नाहीत, वायरमन नाहीत. पण 'ह्या वितभरात' म्हणताना त्यांनी पेटीवर ठेवलेला तो तळहात मला अजून दिसतो. आख्खं शेत, डीपी, केबल, विहीर, मोटार यांतून त्यांनी काळजी करायची जागा एका वितीवर आणून ठेवली होती.

फोनवर मी त्यांना टक् आणि पाव गिरकी सांगितली. ते ऐकून घेऊन म्हणाले, "मंजी करंट येतोय की. आलाय आणि कुणीतरी म्हागं ढकलतंय. बघ सावकाश."

रात्री साडेआठला शटर पूर्ण खाली ओढलं. भाचा मदतीला होता, बारावीत शिकणारा, हाताला शांत. त्याला मी वही दिली आणि सांगितलं, जे बघू ते लिहायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि चालू झालं, तर कशानं चालू झालं ते कळत नाही. मग ते कळलेलं नसतं, ती फक्त त्या दिवशीची सुटका असते.

सुरुवात भिंतीपासून केली. माझ्याकडंही टेस्ट लॅम्प आहे. फेज आणि न्यूट्रलमध्ये बल्ब लख्ख लागला. फेज आणि अर्थिंगमध्ये लावला तर मिणमिणला. भाचा म्हणाला, "मावशी, म्हणून कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात का?" म्हणूनच. एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, आत विजेतला गोंगाट गाळण्यासाठी बारीक कपॅसिटर असतात, ते थोडासा करंट लोखंडी पेटीकडं सोडतात. अर्थिंग चांगलं असेल तर तो जमिनीत जातो. नसेल तर आपल्या बोटातून जातो. आमच्याकडची जमीन काळी. पावसाळ्यात पाय रुतेल अशी चिकट, आणि उन्हाळ्यात भेगाळली की भेगेत हात जाईल एवढी उघडी. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घातलेलं असतं, पण ओल नसेल तर कोळसा-मीठ काय करणार? जमीन वाळली की अर्थिंग वाळतं. तो काही आजचा फॉल्ट नव्हता. पण फॉल्ट होता. भाच्यानं वहीत लिहिलं आणि मागं जाऊन खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून आला.

त्या दोन बादल्या बघताना मला २०१६ चा उन्हाळा आठवला. शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं आणि आमच्याकडं टँकरच्या वेळेवर घरातली कामं ठरत होती. त्या उन्हाळ्यात अर्थिंगला पाणी घाला असं कुणाला सांगायची माझी जीभ रेटली नसती. आणि त्याच्याही आधी, २०१३ मध्ये, परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. परळी आमच्यापासून हाकेवर. कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेवर चाक फिरवायचं, असं ते काम. पाणी नसेल तर कोळशाचा डोंगर असून उपयोग नाही. परळी बंद म्हणजे आमच्या घरातली लाईट बंद, असं सरळ नसतं, विजेचं जाळं सगळ्या राज्याचं एक असतं. पण अण्णांनी त्या वर्षी गोठ्यातल्या बल्बकडं बघून म्हटलं होतं, "हितून डीपी, डीपीपासून सबस्टेशन, तितून परळी, परळीपासून खडक्याचा बंधारा, आणि बंधाऱ्यापासून गोदावरी. लाईट न्हाई गेली, पाऊस गेलाय." करंट कुठवर आलाय ते बघत माणूस मागं मागं चालत गेला की मराठवाड्यात शेवटी आभाळापाशीच पोहोचतो.

असो. आमचा करंट भिंतीपर्यंत ठीक होता. पुढं युपीएस. तो बाजूला काढून कॉम्प्युटर सरळ भिंतीला लावला: टक्, पाव गिरकी. म्हणजे युपीएस निर्दोष. पॉवर केबल बदलली: तेच. मग पिन काढून, बटण दहा सेकंद दाबून धरून आत साठलेली वीज जाऊ दिली आणि कॅबिनेटचं दार उघडलं.

आत धूळ होतीच. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये तिची चादर झाली होती. पंखा बोटानं धरून ठेवून ब्लोअर मारला, कारण नुसती हवा मारली की पंखा उलटसुलट गरगरतो आणि स्वतःच वीज तयार करून बोर्डात ढकलतो. मग बोर्डवरचे कपॅसिटर एकेक बघितले. डोकं फुगलेलं, वरून तपकिरी गळलेलं एकही नव्हतं. पंधरा-वीस वर्षांपूर्वी दुरुस्तीला येणारे निम्मे बोर्ड तसे फुगलेले असायचे. एका काळात अनेक कंपन्यांच्या कपॅसिटरांतला द्रवच निकृष्ट निघाला होता.

आता एसएमपीएस. त्याची मुख्य जोडणी चोवीस पिनांची. ती बोर्डमधून काढली. त्यात वायरींचे रंग ठरलेले असतात: पिवळी १२ व्होल्ट, लाल ५, नारिंगी ३.३, काळी शून्य. जांभळी वायर कॉम्प्युटर बंद असतानाही ५ व्होल्ट देत राहते, रात्री जागणाऱ्या राखणदारासारखी. बटण दाबलं की बोर्डाला जाग येते ती तिच्या जोरावर. आणि एक हिरवी वायर असते. ती काळ्या वायरीला टेकवली की एसएमपीएसला वाटतं बोर्डानं चालू व्हायला सांगितलं. आम्ही तारेचा तुकडा वाकवून हिरव्या-काळ्यात घातला. भार म्हणून जुना डीव्हीडी ड्राइव्ह जोडला, कारण काही एसएमपीएस मोकळे असताना गोड बोलतात आणि ओझं पडलं की बसतात. स्विच चालू केला. पंखा सुरू झाला आणि फिरतच राहिला. मल्टिमीटरवर पिवळी १२.१, लाल ५.०८, नारिंगी ३.३. पाच टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. म्हणजे बारा व्होल्टची वायर ११.४ ते १२.६ च्या मध्ये असली की झालं. भाच्यानं लिहिलं: हितवर आलाय. मी त्याला तसं लिहायला सांगितलं नव्हतं.

एक गोष्ट मी त्याला निक्षून सांगितली, तुम्हालाही सांगते. एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास वीज साठलेली असते आणि पिन काढल्यावरही ती काही काळ तिथंच दबा धरून राहते. शोधणाऱ्यानं आपली हद्द ओळखली पाहिजे. अण्णाही डीपीवर चढत नसत.

एसएमपीएस एकटा चालतो आणि बोर्डाला जोडला की पाव गिरकीत थांबतो. याचा अर्थ मला आता कळला होता. चांगला एसएमपीएस आपल्याकडून किती करंट ओढला जातोय ते बघत असतो. पुढं कुठं लाल किंवा पिवळी थेट काळीला चिकटली असेल, तर तो धोका ओळखून स्वतःच बंद होतो. वस्तू मेलेली नव्हती. ती स्वतःला वाचवत होती. दर वेळी बटण दाबल्यावर ती एक पाऊल पुढं टाकत होती, आग लागेल असं दिसत होतं, आणि मागं फिरत होती. अण्णा फोनवर बोलले होते ते हेच, 'कुणीतरी म्हागं ढकलतंय'.

मग बोर्डावरचं एकेक ओझं उतरवायला सुरुवात केली. डीव्हीडी ड्राइव्ह काढला: पाव गिरकी. हार्ड डिस्क काढली: पाव गिरकी. हार्ड डिस्क दोषी नाही हे कळून मला जो दिलासा मिळाला तो सांगता येणार नाही. ती मी रुमालात गुंडाळून कपाटात ठेवली. रॅमची एक पट्टी काढली, मग दुसरी. सीमॉसचा सेल काढून बघितला. सीआर२०३२ हे त्याचं नाव, आणि नावातच त्याचं माप आहे, व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. व्होल्ट तीन. त्याचा या दुखण्याशी सहसा संबंध नसतो, तो फक्त घड्याळ आणि सेटिंग जपतो. पण वहीत जागा होती म्हणून तोही बघितला. पाव गिरकी.

साडेअकरा वाजले होते. टेबलावर वर्तमानपत्र पसरून सगळे भाग मांडले होते आणि कॅबिनेटमध्ये आता फक्त बोर्ड, प्रोसेसर आणि त्याचा पंखा उरला होता. काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. रॅम नसताना बोर्डानं निदान पीं पीं करून कुरकुर तरी करायला हवी. तेवढ्यापर्यंतही तो येत नव्हता. एसएमपीएसनं 'आता सगळं स्थिर आहे' असा इशारा दिल्याशिवाय प्रोसेसर जागाच होत नाही, आणि इथं तो इशारा यायच्या आधीच सगळं थांबत होतं.

मी खुर्चीत बसले. मनात मेकॅनिकचं वाक्य आलं, आणि खरं सांगायचं तर ते पटलं. वितभर उरली आणि ती वीत म्हणजे बोर्डच. गेला. मीसुद्धा म्हटलं, मोठ्यानं नाही, पण म्हटलं.

भाचा वही चाळत होता. त्यानं काढलेल्या गोष्टींवर एकेक बोट ठेवलं, मग कॅबिनेटमध्ये वाकून बघितलं. "मावशी, हे काढलंय का आपण?"

बोर्डाच्या खालच्या कडेला पुढच्या पट्टीकडून आलेल्या बारीक वायरींचा जुडगा लागलेला होता. बटणाची वायर, दिव्याची वायर, हेडफोनची, आणि पुढच्या दोन युएसबींची. त्या मी काढल्या नव्हत्या. इतकी वर्षं कॅबिनेट उघडत आले, पण त्या वायरी मला कधी 'भाग' वाटल्याच नाहीत. त्या पेटीच्या होत्या. दाराला कडी असते तशा. जे डोळ्यांना भाग वाटतं तेच आपण तपासतो, आणि पालीला काही ते ठाऊक नसतं.

सगळा जुडगा काढला. आता बटणही जोडलेलं नव्हतं, म्हणून बटणाच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं.

पंखा फिरला. पाव गिरकी झाली, अर्धी झाली, पूर्ण झाली, आणि मग पाती दिसेनाशी झाली. आम्ही दोघंही त्याच्याकडं बघत उभे राहिलो. रॅम नव्हती म्हणून बोर्ड लांब लांब पीं करत होता, आणि ती कुरकुर मला त्या रात्री फार गोड वाटली.

पुढचं लवकर झालं. बंद करून बटणाची वायर लावली, चालू. दिव्याची लावली, चालू. हेडफोनची, चालू. युएसबीची लावली, टक्, पाव गिरकी. बॅटरी घेऊन पुढच्या पोर्टमध्ये बघितलं. पोर्टाच्या आत एक पांढरी प्लॅस्टिकची जीभ असते, तिच्यावर चार पिना. ती जीभ मुळातून मोडली होती, आणि उघड्या पडलेल्या पिनांतली कडेची एक वाकून बाहेरच्या पत्र्याला टेकली होती. मल्टिमीटर बझरवर ठेवला. एक टोक युएसबीच्या लाल वायरीला, दुसरं पत्र्याला. पीं वाजलं. पाच व्होल्ट थेट जमिनीला. पुष्कळ बोर्डांवर अशा वेळी पोर्टापुरता छोटा फ्यूज आडवा येतो. आमच्या जुन्या बोर्डावर तेवढी सोय नसावी, म्हणून सगळी पेटीच थांबत होती.

आदल्या संध्याकाळी गर्दीत कुणीतरी फोटो द्यायला पेन ड्राइव्ह घाईनं उलटा कोंबला असेल. त्या आठवड्यात सगळेच घाईत होते. मला कुणाचाही राग आला नाही.

युएसबीची ती वायर बोर्डापासून काढून टेपानं गुंडाळून बाजूला बांधली. रॅम, सेल, हार्ड डिस्क, सगळं परत जागेवर. बटण दाबलं. एक छोटी बीप. पडद्यावर अक्षरं. मी सगळ्यात आधी ओव्यांची फाईल उघडली, मधलंच एक पान काढलं आणि वाचलं. अक्षरं जागेवर होती. मग भाच्याला घरी धाडलं आणि रात्रीच सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवायला लावून तिथंच बसून राहिले.

सकाळी सातला पहिली माणसं आली. विम्याची साइट उघडेना. क्षणभर पोटात गोळा आला, मग लक्षात आलं. सेल काढला होता, म्हणून घड्याळ मागं जाऊन २००९ च्या १ जानेवारीवर बसलं होतं. तारीख एवढी मागची असली की सुरक्षित साइटची प्रमाणपत्रं कॉम्प्युटरला खोटी वाटतात. तारीख दुरुस्त केली, साइट उघडली. कालचे मामा दुसऱ्या नंबरला होते. त्यांनी पडद्याकडं बघितलं आणि म्हणाले, "आला की परत." लाईटबद्दल बोलावं तसं.

दहाच्या सुमारास मेकॅनिक मुलगा नव्या सेटचा भाव घेऊन आला. मी त्याला मोडकी जीभ आणि वाकलेली पिन दाखवली. त्यानं बॅटरी लावून बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "ताई, माझ्याकडं असेच टक् करणारे दोन पडलेत. बोर्ड गेले म्हणून ठेवलेत." आणि भावाचा कागद खिशात घालून तसाच मागं फिरला.

दुपारी गर्दी जरा ओसरल्यावर अण्णांचा फोन आला.

"काय निघालं?"

मी सांगितलं. पुढचं युएसबीचं भोक, आतली जीभ, वाकलेली तार. त्यांना युएसबी माहीत नाही, पण त्यांनी मध्ये थांबवलं नाही.

"मंजी पालच निघाली की," ते म्हणाले.

"पालच निघाली, अण्णा."

थोडा वेळ पलीकडून नुसता वाऱ्याचा आवाज येत होता. ते शेतातच उभे असणार. मग म्हणाले, "बरं, आपला भरलास का इमा?"

त्या आठवड्यात शेकडो माणसांचे गट नंबर मी टाकले होते आणि आमचाच राहिला होता. त्यांना फोनवर थांबायला सांगून मी सातबारा काढला, नाव, गट नंबर, क्षेत्र टाकलं. सोयाबीन किती, तूर किती, ते त्यांनी बांधावरून बघून सांगितलं. पावती छापून आली, तेव्हा पर्समधून एक रुपया काढून मी गल्ल्यात टाकला.

"झालं, अण्णा."

"मंग ठेव आता. लोकं थांबली असतील."

रांगेतल्या पुढच्या पोरानं पेन ड्राइव्ह काढून पुढच्या भोकाकडं हात नेला. तिथं मी चिकटपट्टी लावली होती. त्याच्या हातातून तो घेतला आणि वाकून मागच्या बाजूला लावला.